हात स्वच्छ, तरी मन मानेना

(आपल्या सामुदायिक रेडिओवर महिलांच्या कार्यक्रमात झालेलं हे भाषण. बोलणाऱ्या ताई एका बचत गटाच्या सचिव आहेत. त्यांच्या इच्छेवरून नाव दिलेलं नाही.)

कुणी कामं उरकून रेडिओजवळ बसली असेल, कुणी भाकरी थापता थापता ऐकत असेल. हातातलं काम चालू द्या, कान तेवढे इकडे ठेवा.

बाईला ताप आला तर अंगाला हात लावून कळतं. पाय सुजला तर दिसतो. आज मी ज्या आजाराबद्दल बोलणार आहे, तो चारचौघांत दिसतो, पण आजार म्हणून कुणी ओळखत नाही. उलट त्याचं कौतुक होतं. “काय टापटीप बाई आहे!” “हिच्या घरात बोट फिरवलं तरी धूळ लागायची नाही.” “किती देवाधर्माची, दोन दोन तास पूजेला बसते!” लोक असं बोलतात आणि ती बाई आतून पिळून निघत असते.

डॉक्टर या आजाराला ओसीडी म्हणतात. मराठीत त्याला मंत्रचळ असा जुना शब्द आहे. सोप्या भाषेत सांगायचं तर नको असलेला एकच विचार पुन्हा पुन्हा मनात येतो, त्याची भीती बसते, आणि ती भीती घालवायला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करावी लागते. आपल्याला कळत असतं की हे जास्त होतंय. तरी थांबता येत नाही. मी डॉक्टर नाही. मला हा आजार आहे. गेली चार वर्षं मी त्यावर उपचार घेते. त्या अनुभवातून आणि डॉक्टरांनी समजावलेलं घेऊन आज बोलते आहे.

आमचा भाग दुष्काळी. उन्हाळ्यात टँकर आला तरच पाणी. दारात बॅरल भरून ठेवायचं आणि जपून वापरायचं. गोठ्यातून आलं की आपण सगळ्याच हात धुतो. माझं एकदा धुवून भागायचं नाही. साबण लावून धुतले, पुसले, की मनात यायचं, नखात राहिलं असेल. पुन्हा धुवायचे. मग वाटायचं, मघाशी घाण हाताने तांब्या धरला होता. तांब्या घासायचा. तांब्या घासताना पुन्हा हात घाण झाले. असं करत सात वेळा धुवायचे. मध्ये कुणी हाक मारली आणि मोजणी चुकली, की पुन्हा एकपासून.

लेक शाळेतून आली की तिने आधी अंगणात अंघोळ करायची, कपडे बदलायचे, मगच उंबरा ओलांडायचा. थंडीच्या दिवसांतसुद्धा. दप्तर बाहेर खुंटीला. ती तेव्हा तिसरीत होती. पळत येऊन मिठी मारायचं तिने आपोआप बंद केलं. मालक बॅरल भरून भरून थकले. सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्या म्हणायच्या, “आमच्या सुनेला देवानं पाणी कमी दिलं आणि हौस जास्त दिली.” हौस कसली, मैत्रिणींनो! हाताला भेगा पडून रक्त यायचं. दिवसातले चार-पाच तास त्यात जायचे. रात्री झोपायच्या वेळी मी रडायचे, आणि उठून पुन्हा हात धुवायचे.

भेगांसाठी एका दवाखान्यातून मला दोन वर्षं मलम मिळत होतं. हात रोज पाण्यात, मलम काय करणार? शेवटी आमच्या गावच्या आशाताईंनी माझे हात हातात घेतले आणि एकच प्रश्न विचारला, “ताई, दिवसातून किती वेळा धुता?” तोवर हा आकडा मला कुणी विचारलाच नव्हता. पुढच्या आठवड्यात त्या मला घेऊन सिव्हिलला गेल्या. तिथल्या मानसिक आजारांच्या डॉक्टरबाईंनी आजाराचं नाव सांगितलं. नाव कळलं, तेव्हा आधी मला हायसंच वाटलं. एवढी वर्षं मला वाटत होतं की अशी मी एकटीच आहे.

आता तुम्ही म्हणाल, घर स्वच्छ ठेवणं हा काय आजार झाला? नाही. स्वच्छतेची आवड आणि हा आजार यात फरक आहे, आणि तो फरक ओळखता येतो. स्वच्छतेची आवड असलेली बाई भांडी घासते, पालथी घालते, तिला बरं वाटतं, आणि ती दुसऱ्या कामाला लागते. आजार असलेल्या बाईला भांडी घासून बरं वाटत नाही. तिला फक्त घटकाभर भीतीतून सुटका मिळते, आणि लगेच पुढची शंका येते. डॉक्टर तीन गोष्टी विचारतात. यात दिवसातला तासाभराहून जास्त वेळ जातो का? त्याचा जिवाला त्रास होतो का? त्यामुळे रोजचं काम, मुलं, नातीगोती अडतात का? उत्तर हो असेल तर त्या बाईला दाखवायला न्यावं.

आणि हा आजार म्हणजे नुसतं हात धुणं नव्हे. त्याची रूपं बरीच आहेत. कुणी रात्री दहा वेळा उठून गॅसचं बटण बघते, दाराची कडी बघते, विहिरीवरची मोटर बंद केली का म्हणून अंधारात शेतात जाते. कुणी पोथी वाचताना एक अक्षर अडखळलं की पहिल्या पानापासून सुरू करते. कुणाला भांडी एका रेषेत, पदर एका मापात असल्याशिवाय चैन पडत नाही. कुणी गटाचे पैसे पंधरा वेळा मोजते, पैसे बरोबर असतात, तरी घरी जाऊन पुन्हा मोजते. कुणाच्या मनात देवासमोर हात जोडले की शिवी येते, घाणेरडं चित्र येतं, आणि त्या पापाच्या भीतीने ती बाई नाक घासते, उपास करते, तरी तो विचार जात नाही.

यातली एक गोष्ट मला सिव्हिलमध्ये बसल्या बसल्या कळली. ज्या गोष्टीची आपल्याला सगळ्यांत जास्त काळजी असते, तिथेच हा आजार घर करतो. हिशेबाला चोख असलेल्या बाईला पैशाची शंका. देवावर मनापासून श्रद्धा असलेल्या बाईला देवाबद्दल घाण विचार. लेकरावर जीव टाकणाऱ्या आईला लेकराचीच भीती. म्हणजे असा विचार येणारी बाई वाईट असते असं अजिबात नाही. तिला तो विचार सहन होत नाही, म्हणून तर तो तिला एवढा छळतो.

लेकराच्या भीतीबद्दल मला जरा थांबून बोलायचंय, कारण ते कुणी बोलत नाही. सिव्हिलमध्ये माझ्या शेजारी एक तरणी पोर बसायची. पहिलटकरीण, बाळ तीन महिन्यांचं. विळीवर भाजी चिरताना एक दिवस तिच्या मनात आलं, ही विळी बाळाला लागली तर? आणि लगेच पुढचं आलं, मीच लावली तर? ती एवढी घाबरली की घरातली विळी, सुरी, कात्री सगळं तिने माळ्यावर टाकलं. बाळाला अंघोळ घालायचं सोडलं. बाळाबरोबर एकटी राहायला तयार होईना. कारण सांगायची सोय नव्हती. कुणाला काय सांगणार, की माझ्या मनात असं येतं? घरच्यांना वाटलं, हिला लेकराची मायाच नाही. कुणी म्हणालं, बाहेरचं काहीतरी आहे. बाळाला तिच्यापासून लांब ठेवायचं ठरत होतं. तेवढ्यात तिच्या थोरल्या जावेने तिला जवळ घेऊन विचारलं, आणि ती बोलली. ती आज बरी आहे. हे सगळं तिच्या परवानगीनेच सांगते आहे.

डॉक्टरबाईंनी आम्हाला समजावलं, की असा विचित्र विचार क्षणभर पुष्कळ आयांच्या मनात येऊन जातो. बहुतेकजणी “शी, काहीतरीच!” म्हणून कामाला लागतात. ओसीडी असलेल्या आईच्या मनात तो विचार अडकून बसतो. ती त्या विचाराला घाबरते, त्याच्यापासून पळते. अशा आईपासून बाळ हिसकावून घेतलं तर तिची भीती आणखी पक्की होते. तिला वाटतं, बघा, मी खरंच धोक्याची आहे.

पण इथे एक फरक नीट लक्षात ठेवा. बाळंतपणानंतर थोड्या दिवसांत एक दुसराही आजार होऊ शकतो. त्यात बाळंतीण रात्र रात्र झोपत नाही, असंबद्ध बोलते, कानात आवाज येतात म्हणते, बाळ आपलं नाहीच किंवा बाळात दुसरंच कुणी शिरलंय असं तिला पक्कं वाटतं, आणि त्यात तिला काही चुकीचंही वाटत नाही. हे दिसलं तर उद्यावर टाकू नका. तिला आणि बाळाला एकटं सोडू नका. १०८ नंबरला फोन करून गाडी बोलवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या. वेळेवर नेलं तर तीही बरी होते.

मग हा आजार होतो कशाने? तो कुणाची नजर लागून होत नाही, मागच्या जन्मीच्या पापाने होत नाही. आईबापांनी वळण लावलं नाही म्हणूनही होत नाही. मेंदूत धोका ओळखणारी जी यंत्रणा आहे, तिच्या कामात बिघाड असतो. काही घराण्यांत तो जास्त दिसतो. बऱ्याच जणांना तो शाळा-कॉलेजच्या वयात किंवा तरुणपणी सुरू होतो. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर तो काही बायांना पहिल्यांदा होतो, काहींचा वाढतो. पुरुषांनाही होतो, लहान मुलांनाही होतो. जगभरच्या अभ्यासांत शंभर माणसांतल्या साधारण दोघा-तिघांना आयुष्यात कधी ना कधी हा आजार होतो असं दिसलं आहे. हजार वस्तीच्या गावात अशी किती माणसं असतील, हिशेब तुम्हीच करा.

मला समजलं ते असं. आमच्या वस्तीवर एक कुत्रं आहे. चोर आला तर भुंकावं म्हणून पाळलेलं. पण ते पाचोळा उडाला तरी भुंकतं, मांजर गेलं तरी भुंकतं. माझ्या मनातलं धोक्याचं कुत्रं तसं झालं होतं. आता ते भुंकलं की आपण काय करतो? गप बसावं म्हणून भाकरीचा तुकडा टाकतो. ते गप बसतं, पण घटकाभरच. त्याला काय कळलं? भुंकलं की भाकरी मिळते. दुसऱ्या दिवशी ते आणखी भुंकतं. हात धुणं, कडी बघणं, मोजणं, देवाची माफी मागणं, हे सगळे भाकरीचे तुकडे. जेवढे टाकाल तेवढा आजार माजतो.

मैत्रिणींनो, आज मला सगळ्यांत महत्त्वाचं जे सांगायचंय ते इथून पुढे आहे. हे तुकडे एकटी आजारी बाई टाकत नाही. अख्खं घर टाकत असतं, आणि ते मायेपोटी टाकत असतं.

मी मालकांना विचारायचे, “माझे हात स्वच्छ आहेत ना?” ते म्हणायचे, “आहेत गं.” दहा मिनिटांनी पुन्हा विचारायचे. ते पुन्हा सांगायचे. शेवटी देवाची शपथ घ्यायचे, लेकीच्या डोक्यावर हात ठेवून सांगायचे. मला वाद घालायला लागू नये म्हणून ते स्वतःही घरात येण्याआधी दोनदा अंघोळ करायला लागले. माझा त्रास कमी व्हावा एवढाच त्यांचा हेतू. पण प्रत्येक “आहेत गं” हा आजाराला एक तुकडा होता. मी एकदा उत्तर ऐकलं की घटकाभर बरं वाटायचं, आणि पुढच्या वेळी तेच उत्तर दोनदा ऐकावं लागायचं.

दुसऱ्या बाजूला आत्या चिडायच्या. “नाटकं बंद कर, हात बांधून ठेवू का?” म्हणायच्या. रागवल्याने भीती कमी होत नाही. मी मग लपून, मोरीचं दार लावून धुवायचे. एवढ्याने आजार नुसता लपला, गेला नाही. म्हणजे लाड करूनही तो वाढतो आणि धाक दाखवूनही वाढतो. मग घराने करायचं काय?

डॉक्टरबाईंनी मालकांना आणि आत्यांना समोर बसवून एक वाक्य शिकवलं. मी विचारलं की त्यांनी म्हणायचं, “हा प्रश्न तुझा नाही, आजाराचा आहे. मी उत्तर देणार नाही. पण तुझ्याजवळ बसतो.” बस. एवढंच. उत्तर द्यायचं नाही आणि सोडूनही जायचं नाही. पहिले आठ दिवस मला त्यांचा इतका राग आला, काय सांगू! पण ते उठून गेले नाहीत. हे सगळं मला विचारून, माझ्या संमतीने ठरलेलं होतं. एक दिवस अचानक पाणी बंद केलं, साबण लपवला, असं करायचं नसतं. त्याने बाईची दैना होते. ठरवून, थोडं थोडं करायचं असतं.

आता उपचाराकडे येऊ. या आजारावर दोन उपाय आहेत. औषध आणि मनाचा सराव. कुणाला एक पुरतो, कुणाला दोन्ही लागतात. ते डॉक्टर ठरवतात.

औषधं मेंदूतल्या सेरोटोनिन नावाच्या रसायनावर काम करतात. उदासपणाच्या आजारालाही हीच औषधं देतात. ही झोपेच्या गोळ्यांसारखी नसतात आणि त्यांची नशा लागत नाही. पण ती लगेच गुण देत नाहीत. दोन-तीन महिने धीर धरावा लागतो. सुरुवातीला मळमळतं, पोट बिघडतं, जीव कासावीस होतो, तेव्हा डॉक्टरांना सांगायचं. पुष्कळजणी इथेच घाबरून किंवा “गुण नाही” म्हणून सोडतात. बरं वाटल्यावरही निदान वर्ष-दोन वर्षं घ्यावी लागतात, आणि बंद करायची तर डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू. गरोदर असाल, बाळाला अंगावर पाजत असाल, तर ते आधी सांगा. त्या दिवसांत चालतील अशीही औषधं असतात, पण ती निवडायची डॉक्टरांनी.

सरावाला ईआरपी म्हणतात. ज्याची भीती वाटते त्याला थोडं थोडं सामोरं जायचं, आणि नंतरची कृती रोखून धरायची. माझ्याकडून डॉक्टरबाईंनी एक शिडी लिहून घेतली. प्रत्येक गोष्टीच्या भीतीला शंभरपैकी मार्क द्यायचे. दाराच्या कडीला हात लावणं, तीस मार्क. बॅरलच्या झाकणाला, चाळीस. लेकीच्या दप्तराला, साठ. शाळेच्या कपड्यांत लेकीला जवळ घेणं, नव्वद.

सुरुवात सगळ्यांत खालच्या पायरीपासून. कडीला हात लावला आणि हात न धुता बसले. छातीत धडधड, घाम. मालक शेजारी. पाच मिनिटांनी भीती आणखी वाढली. मला वाटलं, आता ही अशीच वाढत जाणार. पण तसं होत नाही. भीती चढते, एका जागी टेकते आणि मग आपली आपण उतरते. साधारण पाऊण तासाने माझी भीती निम्म्यावर आली होती, आणि मी हात धुतले नव्हते. दुसऱ्या दिवशी तीच कडी, भीती थोडी कमी. आठवड्याने कडीला हात लावला तरी काही वाटेना. मग पुढची पायरी. कुत्रं भुंकलं, कुणी भाकरी टाकली नाही, आणि ते कंटाळून बसलं.

कुणाला वाटेल, हे म्हणजे घाणीत राहायला शिकवणं झालं. तसं नाही. शेणात हात घातला तर साबणाने हात धुवायचेच. स्वयंपाकाआधी, संडासहून आल्यावर, बाळाला भरवण्याआधी धुवायचेच. सगळ्या धुतात तसे, एकदा. २०२० मध्ये कोरोनात सगळ्यांनाच हात धुवा म्हणून सांगितलं, तेव्हा या आजाराच्या लोकांचे फार हाल झाले, कारण कुठे थांबायचं हेच त्यांना उमगत नाही. सरावाने ते थांबणं शिकता येतं.

शिडीच्या वरच्या पायरीला मला पाच महिने लागले. लेक शाळेच्या कपड्यांत माझ्या मांडीवर येऊन बसली, दप्तरासकट. माझी भीती तेव्हाही होतीच. पण तिला मी उठवलं नाही.

आता जायचं कुठे ते सांगते. लिहून घ्या. टेलिमानस म्हणून सरकारची फोनसेवा आहे. २०२२ मध्ये १० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी ती सुरू झाली. नंबर १४४१६. पुन्हा सांगते, एक चार चार एक सहा. पैसे पडत नाहीत, चोवीस तास चालू, मराठीत बोलता येतं. समोरासमोर दाखवायचं तर जिल्हा रुग्णालयात, म्हणजे सिव्हिलला, मानसोपचाराचा विभाग विचारा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची माणसं ठरलेल्या दिवशी तालुक्याकडेही येतात. तुमच्याकडे कोणत्या दिवशी, ते आशाताईंना किंवा सरकारी दवाखान्यात विचारून ठेवा. पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे राज्य सरकारची मनोरुग्णालयं आहेत. पण ओसीडीच्या बहुतेक बायांना भरती व्हावं लागत नाही. घरी राहून, कामं करतच उपचार होतात.

आणि हक्काचं बोलू. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मानसिक आजारावर सरकारी दवाखान्यात उपचार मिळणं हा आपला हक्क केला आहे. तुमच्या आजाराची माहिती गुप्त ठेवणं हेही दवाखान्यावर बंधनकारक आहे. त्यामुळे गावाला कळेल म्हणून घाबरू नका.

देवळात जायचं असेल तर जा. माझीही देवावर श्रद्धा आहे. पण देवाला जाताना गोळी चुकवू नका. भूत काढतो म्हणून कुणी मारहाण करत असेल, चटके देत असेल, साखळीने बांधत असेल, तर आपल्या राज्यात २०१३ पासून तो गुन्हा आहे.

शेवटी, आपल्या गटाने काय करायचं? पाच गोष्टी सांगते.

पहिली, हसायचं नाही. “ही बघा, आली पाणीवाली” असं म्हटलं की बाई बैठकीलाच यायची बंद होते.

दुसरी, तीच तीच खात्री द्यायची नाही. हप्ता भरला का, पैसे बरोबर आहेत का, म्हणून मैत्रीण दहाव्यांदा विचारते, तेव्हा प्रेमाने म्हणा, “एकदा सांगितलंय, आता नाही सांगणार. बस माझ्याजवळ, चहा घेऊ.”

तिसरी, दवाखान्यात सोबत जा. पहिल्या खेपेला एकटीने जायचं धैर्य होत नाही. एसटीचं भाडं नसेल, तर गटाच्या अंतर्गत कर्जातून द्यायचा ठराव करा. शेळीच्या आजाराला आपण कर्ज देतो, बाईच्या आजाराला का नको?

चौथी, पोरींकडे लक्ष द्या. एखादी मुलगी मोरीत तास घालवते, वही पुन्हा पुन्हा खोडून लिहिते, “मी वाईट आहे का गं आई?” म्हणून सारखी विचारते, तर तिला रागवू नका, लग्न झाल्यावर सुधारेल म्हणून थांबूही नका. लवकर उपचार झाले तर तिचं शिक्षण वाचतं.

पाचवी, कुणी “यापेक्षा मेलेलं बरं” असं म्हणाली, तर ते बोलणं हलकं घेऊ नका. या आजारात माणूस थकून तिथवर जातो. तिला एकटं सोडू नका, तिच्याजवळ बसूनच १४४१६ लावा.

मी आज पूर्ण बरी आहे असं म्हणणार नाही. शंका अजून येते. परीक्षेच्या दिवसांत, घरात आजारपण आलं की, जास्त येते. पण पूर्वी जे चार-पाच तास जायचे, ते आता पंधरा-वीस मिनिटांवर आलं आहे. हाताच्या भेगा भरल्या. बॅरल दोन दिवस पुरतं. गटाच्या वहीवर मी सही करते, पैसे दोनदा मोजते, सगळ्या सचिव मोजतात तेवढेच, आणि वही बंद करते.

येत्या बैठकीत हप्ते गोळा झाले की दहा मिनिटं काढा. १४४१६ हा नंबर गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहा. आणि आपल्यातली जी बाई बैठकीला उशिरा येते, जिचे हात कायम ओले नाहीतर फाटलेले असतात, जी बाळाला घ्यायला कचरते, तिला बाजूला घेऊन मायेने विचारा, “ताई, याचा तुला त्रास होतो का?” ती लगेच सांगेलच असं नाही. तरी विचारा. विचारणारी कुणीतरी आहे, हे तिला कळू द्या.